पाहुण्यांची राखुंडी

मी ताडकळसच्या अंगाचा. गावाचं नाव लिवू नका, बाकी काय लिवायचं ते लिवा, आता रागवायला कोन राह्यलंय. आमी कुनबी, थोडी कोरडवाहू जमीन, ज्वारी व्हायची, तूर व्हायची, पोटापुरतं निघायचं. माझ्या बापाला समदं गाव आबा म्हनायचं म्हनून मी बी आबाच म्हनायचो. आबा लय कडक मानूस. देवधर्म बेताचाच, पन शिवताशिवत अशी पाळायचा की काय सांगू तुमाला, कोन अंगनात कुठवर यायचं, कोन दारातनंच बोलायचं, समदं ठरल्यालं. गोठ्याच्या भिंतीत एक दिवळी व्हती, तिच्यात एक कान तुटल्याला कप पालथा ठेवल्याला असायचा. वस्तीतलं कोनी कामाला आलं की त्येच कपात च्या, अन् त्येनंच तो धुवून परत पालथा घालायचा. मला बी त्यात काय वावगं वाटायचं न्हाई, खरं सांगतो. मानसाला आपल्या घरातला वास येत न्हाई, तसं.

मॅट्रिकला दोनदा गचकलो अन् परभनीला एका कॉलेजात शिपाई म्हनून लागलो. रसायनाच्या खोलीत माझी नेमनूक, तिला समदे ल्याब म्हनायचे. बाटल्या धुवायच्या, बर्नर पेटवायचे, सांजच्याला फरशी पुसायची. ते दिस नामांतराचे. दंगल होऊन काही वर्सं उलटली व्हती, पन गावागावात मानसं अजून एकमेकांस्नी तोंड चुकवायची. विद्यापीठाचं नाव बदला म्हननारे एकीकडं, न्हाई बदलू देत म्हननारे एकीकडं, अन् आमचे आबा, ज्यांनी विद्यापीठ डोळ्यानं बगितल्यालं न्हाई, ते पारावर बसून म्हनायचे, ज्या दिशी ते नाव बदलंल त्या दिशी मी तोंडात पानी घेनार न्हाई. हे वाक्य तेवढं ध्येनात ठिवा.

आमच्या ल्याबला गायकवाड सर व्हते. बौद्ध मानूस, वस्तीतनं वर आल्यालं, अंगानं बारीक, बोलनं कमी. घरी मला कोनी इचारलं न्हाई सर कोनच्या जातीचे, मी बी सांगितलं न्हाई. तर एक दिस सर मला म्हनले, सखाराम, होस्टेलच्या मागच्या टाकीतला गाळ पाहिजे मला. मला वाटलं मजाक करायलेत. ती टाकी म्हंजी पोरांच्या संडासाची, समदा मैला तिथं जाऊन तळाला बसायचा, वर्सातनं एकदा सफाईवाले येऊन उपसायचे अन् त्या दिशी निम्मं होस्टेल जेवायचं न्हाई. मी म्हनलं, सफाईवाल्याला सांगावा धाडतो. सर म्हनले, किती पिढ्या त्यांच्याच गळ्यात टाकायचं हे? गाळ मला पाहिजे, मी काढतो. अन् खरंच, हातात रबरी मोजे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडल्याली, बादली घेऊन मानूस निघाला बी. मी दारात खांबावानी हुबा. कॉलेजातला प्राध्यापक, कोट घालून शिकवनारा, अन् मैला काढायला निघालाय, हे माझ्या डोक्यात शिरंचना. पन सायबाच्या हातात बादली अन् शिपाई मोकळा, हे बी बरं दिसंना, म्हनून मी बादलीचं दुसऱ्या अंगाचं कडं धरलं. इतकंच झालं बगा, दुसरं काय मोठं मन बिन न्हवतं माझं.

मंग तेच काम सुरू झालं. गाळ पत्र्यावर पातळ पसरायचा अन् उन्हात खडखडीत वाळवायचा, माय सांडगे वाळवती तसा. त्या दिसापास्नं मी सांडगे खाल्ले न्हाईत, आजवर न्हाई. वाळला की कुटायचा, चाळायचा, कसल्यातरी तेजाबात भिजवून ठिवायचा, परत वाळवायचा, मंग लोखंडी डब्यात ठासायचा अन् झाकनाच्या फटी चिखलानं लिंपून डबा भट्टीत घालायचा. सर सांगायचे, आत हवा गेली तर नुसती राख होईल, हवा नाही गेली तर कोळसा होईल, आपल्याला कोळसा पाहिजे. आमच्याकडं लोनारी मातीखाली लाकडं जाळून कोळसा पाडत्यात, तोच हुन्नर. डबा गार झाला की आतला कोळसा बारीक खलायचा अन् धुवायचा, धुवायचा, लय पान्यानं धुवायचा, तेजाबाचा अंश निघून जास्तोवर. शेवटाला हातात काय यायचं तर काळी कुळकुळीत भुकटी, मऊसूत, वास म्हनाल तर कसलाच न्हाई. मी नाक लावलं न्हाई आदी. मंग लावलं. आन घेऊन सांगतो, कसलाच न्हाई.

एक दिस सरांनी कापडं रंगवनाऱ्या रंगाऱ्याच्या नालीतलं पानी आनलं बाटलीत, लाल भडक. त्येच्यात ही भुकटी टाकली, मला म्हनले हलव, हलवत बस. हलवलं. मंग कागदातनं गाळलं, अन् खालच्या गिलासात जे उतरलं ते पानी असं नितळ की पल्याडचा खिडकीचा गज दिसायला. माझ्या हातनं बाटलीच सुटायची ती. मी स्टुलावर बसलो, सरांच्या पुढ्यात, न इचारता. मैल्यानं पानी सोच्छ केलं, काय म्हनायचं ह्याला. सर म्हनले, ह्या भुकटीच्या अंगाला डोळ्याला न दिसणारी भोकं असतात, रंग पाण्यातून सुटतो अन् त्यांच्यात चिकटून बसतो, अधिशोषण म्हणायचं ह्याला. अन् पुढं म्हनले, पण हे पाणी प्यायचं नाही बरं, ह्या भुकटीत आणखी काय काय राहिलंय ते अजून तपासायचंय. त्यांचं म्हननं असं की रंगाऱ्याचं पानी नालीत जातं, नालीचं वढ्याला जातं, वढ्यावर ढोरं पित्यात, बाया धुनं धुत्यात. इकतचा कोळसा गरीब रंगाऱ्याला परवडत न्हाई, अन् हा गाळ तर फुकट हाय, गावोगाव हाय.

गंगाखेडला एक रंगारी सरांच्या वळखीचा व्हता. सरांनी एका बाटलीत भुकटी भरून दिली, म्हनले त्येला करून दाखव अन् ये. त्येच टायमाला घरून निरोप, कौसाला बगायला पालमचे पाहुने यायलेत, ये. कौसा म्हंजी माझी धाकटी बहीन. दिसायला चांगली, कामाला वाघीन, पन तोंडानं फटकळ. आदीची एक सोयरीक तिच्या तोंडापायीच मोडली व्हती, मुलाला उलटून इचारलं म्हनं की तुमाला लिवता येतं का. मायनं हाय खाल्ली व्हती, ही बी मोडली तर पोरगी घरात बसंल म्हनून. मी म्हनलं आदी घर, मंग गंगाखेड. पिशवीत बाटली तशीच घेऊन एस्टीनं गावात उतरलो.

पाहुने म्हंजी मुलाचा बाप, मानिकराव, अन् त्येंचा एक मेव्हना. मानिकराव म्हंजी वजनदार गडी, हिरीला मोटर, शबुद मोजून बोलायचं. पोरगी पसंत पडली. बोलत बसता बसता शेवटची गाडी गेली, मंग मुक्काम केला. सकाळी न्ह्यारी करून सुपारी फोडायची असं ठरलं.

सकाळी मी तांब्या घेऊन रानाकडं गेलो. माघारी येऊन बगतो तर वट्यावर आबा, मानिकराव अन् तो मेव्हना, तिघं उकिडवे बसल्याले, तिघांची बी तोंडं काळी. तुमाला ठाव असंल, आमच्याकडं समदे राखुंडीनंच दात घासत्यात, पाहुना उठला की त्येच्या तळहातावर चिमूटभर राखुंडी द्यायची हा रिवाज. मला काय सुचलं न्हाई. मंग आबाच्या मांडीपाशी नजर गेली. बाटली. माझी. बूच उघडं.

माय दारात हसत हुबी. तिनं माझी पिशवी आवरता आवरता बाटली बगितली, काळी मऊ भुकटी बगितली, अन् तिला वाटलं पोरानं पाहुन्यासाठी परभनीची भारीतली राखुंडी आनली. मानिकरावांनी बोट हिरडीवर फिरवलं अन् काळा थुंका टाकून म्हनले, झकास हाय हो, खरखर म्हनून न्हाई. आबा छाती फुगवून म्हनले, आमच्या पोरानं आनली. तांब्या कुठं ठिवला ते बी आठवत न्हाई.

मी सरळ चुलीपाशी गेलो. कौसा पव्हे करायलती. मी तिला समदं सांगितलं, टाकीपास्नं भट्टीपर्यंत, खालच्या आवाजात. तिच्या हातातलं उलतनं तसंच राह्यलं, पव्हे करपायले. मी म्हनलं, जळून धुवून निघाल्यालं हाय, मरत न्हाईत कोनी, गप बसू, सुपारी फुटू दे. तिनं कढई खाली उतरवली अन् म्हनली, दादा, सांग त्येंला. आज न्हाई सांगितलं अन् लगीन झाल्यावर कळलं तर ते मला खायला उठतील, तुला न्हाई. मी म्हनलं, मोडंल गं. ती म्हनली, मोडू दे, जनमभर भीत बसू का मी.

मी भाईर आलो. मानिकराव चूळ भरायलते. मी हात जोडून म्हनलं, मामा, ती राखुंडी न्हवं. अन् सांगितलं. सांगताना कोनाकडं बगावं ते कळंना, बाटलीकडं बगून सांगितलं. आबाच्या हातातला तांब्या खाली पडला अन् गडगडत पार अंगनात गेला. मेव्हना कोपऱ्यात जाऊन वकायला. मानिकराव मातर जागचे हलले न्हाईत. तोंडाला काळं तसंच. त्येंनी मला एकच गोष्ट इचारली.

कोनाचा गाळ?

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मैला पोटात गेला का, इख तर न्हाई ना, दवाखान्यात जावं का, ह्यातलं काय न्हाई. कोनाचा. मी म्हनलं, होस्टेलच्या पोरांचा. त्येंनी इचारलं, कोनच्या. मी म्हनलं, समद्या जातीची पोरं ऱ्हात्यात मामा, टाकी एकच हाय.

ते उठले, फेटा बांधला, अन् पव्हे न खाता, सुपारी न फोडता रस्त्याला लागले. मायनं तोंडात पदर कोंबला. आबा मला मारायला धावले, पन हात उगारून तसाच खाली घेतला, मला शिवायचं बी न्हवतं त्येंला. मंग जे वरडायले ते समदं गाव गोळा झालं, लपवायचं काय राह्यलंच न्हाई. त्येच दिशी ते गंगाखेडला गेले अन् गोदावरीत बुडी मारून, तोंडात गंगा घेऊन चूळ भरून आले. वरल्या समद्या गावांच्या नाल्या त्येच पान्यात येत्यात हे मला ठाव व्हतं.

पंध्रा-एक दिसांनी घरी गेलो. मायनं च्या दिला. कप हातात घेतला तर त्येला कान न्हाई. मी मायकडं बगितलं, ती खाली बगायली, म्हनली, त्येंनी सांगितलंय बाबा, मी काय करू. गोठ्यातल्या दिवळीतला कप. माझ्या मायनं, मला, माझ्या घरात. मी तो च्या प्यालो, का प्यालो काय म्हाईत, अन् उठून कप धुतला अन् पालथा घातला. हाताला ते ठावच व्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की इतकी वर्सं लोकं काय गिळत व्हती.

परभनीला येऊन सरांला सांगितलं. सर भट्टीपाशी बसल्याले, हातातला चिमटा खाली ठिवला. मला वाटलं हसतील. म्हनले, सखाराम, तुला आज कळलं, मला शाळेच्या पहिल्या दिवशी कळलं होतं. मंग म्हनले, तुला हे काम सोडायचं असेल तर सोड, मी राग धरणार नाही. मी म्हनलं, आता सोडून काय माझा कप बदलनार हाय का, आना ती बादली.

अन् एक दिस, काय सांगू तुमाला, ल्याबच्या दारात मानिकराव हुबे. फेटा, धोतर, हातात काठी. मी डब्याला चिखल लावायलतो, हात तसेच. सरांनी खुर्ची दिली, ते बसले न्हाईत. लाल पान्याची बाटली बगितली, नितळ झाल्यालं पानी बगितलं, बाटली उजेडाला धरून लय येळ बगितली. मंग मला भाईर घेऊन गेले. म्हनले, त्या दिशी तू आपनहून सांगितलंस का कोनी सांगायला लावलं? मी म्हनलं, कौसा म्हनली सांग. ते म्हनले, मंग पोरगी माझ्या घरात पायजे. गोड खोटं बोलनारे माझ्या घरात ढीगभर हायत.

मला रडूच आलं. पन त्येंचं बोलनं संपलं न्हवतं. म्हनले, भावकीत बोभाटा झालाय, मला चार लोकांत ऱ्हायचंय. लग्नात तुझ्या हातचं पानी नको, तुझ्या हातचं ताट नको. तू मांडवाच्या कडंला हुबा ऱ्हा. मी हो म्हनलं. बहिनीसाठी काय बी हो म्हनलं असतं.

लगीन झालं. आमच्याकडं पोरीचा भाऊ म्हंजी मांडवभर पळत असतो, पंगतीत आग्रेव करतो. मी मेढीला टेकून हुबा. कोनी म्हनलं न्हाई हात लाव, कोनी म्हनलं न्हाई बस. कानपिळीला चुलतभाऊ गेला. जेवनं झाली, पाठवनीला जीप येऊन लागली, बाया रडायल्या. कौसा जीपच्या दारात पाय ठिवता ठिवता थांबली अन् म्हनली, मला तहान लागली. मामी तांब्या घेऊन पळत आली. कौसा म्हनली, तुमचं नको मामी. दादा, तू आन.

वाजंत्रीवाला सुदीक थांबला. मी आबाकडं बगितलं, ते दुसरीकडं बगायलते. मी रांजनातनं तांब्या भरला अन् दिला. ती घटाघटा प्याली, नवरीच्या कपाळाचं कुंकू उतरून पान्यात आलं. मंग तोच तांब्या तिनं सासऱ्याम्होरं केला अन् म्हनली, मामंजी, वाट लांबची हाय, तुमी बी घ्या.

मला वाटलं आता जीप मोकळीच माघारी जाती. मानिकरावांनी तांब्या घेतला. आत बगितलं. मानसांकडं बगितलं. मंग एक चूळ भरली, बाजूला टाकली, अन् उरल्यालं पानी प्याले. चला, म्हनले, उशीर व्हायलाय. आबा फेटा सोडून घरात निघून गेले.

आबा काय बदलले न्हाईत. वर्सामागून वर्सं गेली, माझं लगीन झालं, लेकरं झाली, आबा माझ्या हातचं पानी घेत न्हवते. ठिव तिथं, म्हनायचे, अन् माय उचलून द्यायची. माय गेल्यावर माझी बायको द्यायची. कौसा मातर पालमात राज्य करायली, सासरा तिला इचारल्याबिगर बाजाराला जात न्हवता.

मंग नामांतराचं शेवटलं वरीस. आबा आंथरुनाला खिळल्याले, अन्न सुटल्यालं. संक्रांतीचा दिस, कौसा आल्याली, रेडिओ लावल्याला. रेडिओत सांगितलं. आबाचे व्हट सुकून पापडी धरल्याले, घशात घरघर. बायको दळनाला गेल्याली, कौसाचं लेकरू मांडीवर. मीच गिलास अन् चमचा घेऊन उशापाशी बसलो, मला वाटलं घेतील न घेतील, बगू. आबांनी डोळे उघडले. म्हनले, झालं का ते नाव?

मला त्येंची पारावरची शपथ आठवली. तोंडात पानी घेनार न्हाई. न्हाई झालं म्हनायला काय जातं, मरनारा मानूस, कोन सांगायला येतंय. मी कौसाकडं बगितलं. ती माझ्याकडंच बगत राह्यली.

मी म्हनलं, झालं, आबा.

ते आढ्याकडं बगत राह्यले. मी चमचा खाली घेतला. लय येळानं त्येंनी तोंड उघडलं अन् म्हनले, दे मंग.

मी दिलं. माझ्या हातानं. अजून, म्हनले. अजून दिलं. दोन दिसांनी गेले.

आता काय, सर रिटायर होऊन लेकाकडं गेले. गंगाखेडचा रंगारी काही महिने आमची भुकटी न्यायचा, मंग त्येचा धंदाच बसला. होस्टेलची टाकी बुजवली. परवा माझा नातू म्हनला, आजोबा, गटारीच्या गाळाची भुकटी करून पानी सोच्छ करायचं नवीन काढलंय म्हनं. मी म्हनलं, असंल बाबा, काढू दे, चांगलं हाय. आमचं काय नाव न्हाई कुठं, अन् नावासाठी केलं बी न्हवतं. जिंदगी गेली, बरी गेली.

तो कान तुटल्याला कप मी फोडला न्हाई. गोठा पाडला तेव्हा दिवळीतनं काढून आनला. घरी कोनी बी येऊ द्या, सरपंच येऊ द्या, व्याही येऊ द्या, पहिला च्या त्येच कपात देतो, मंग सांगतो. तुमच्या हातात बी तोच हाय. घ्या, गार व्हायलाय. सुखी ऱ्हावा. अन् धुवायचा न्हाई बरं का, तिथंच ठिवा, मी धुतो.